कॅप्सूल पोहोचली, तपासणी कधी पोहोचणार?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. यांपैकी कुठल्याही गावात मेडिकलवर जाऊन ‘आजोबांना हल्ली काही आठवत नाही, काही आहे का?’ असं विचारलं, तर दुकानदार सहसा रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. ब्राह्मीच्या गोळ्या निघतात, शंखपुष्पीचं सिरप निघतं, जिंकोच्या कॅप्सूल निघतात. शहरातल्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवली तर व्हिनपोसेटिनही मिळतं. खोक्यावर बहुधा एक हिरवं पान असतं आणि मजकूर थोड्याफार फरकानं तोच: स्मरणशक्ती वाढते, मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, वनस्पतीपासून बनवलेलं असल्यामुळे अपाय नाही.

विकत घेणारे बहुधा आजोबा नसतातच. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीत असतो, मुलगी लातूरला दिलेली असते. फोनवर आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते तेव्हा त्यांच्या पोटात कालवतं. रात्री मोबाईलवर शोधाशोध होते आणि दोन-चार दिवसांत कुरिअरनं बाटली गावात येते. या खरेदीत माया असते, धास्ती असते, आणि आपण जवळ नाही याची बोचणीही असते. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही.

पण बाटली घरात आली की एक गोष्ट घडते आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. डॉक्टरांकडे नेणं पुढं ढकललं जातं. ‘आधी तीन महिन्यांचा कोर्स तर पुरा होऊ द्या’ असं घरात ठरतं. या तीन महिन्यांची किंमत बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या मराठी घरांनी या महिन्यांकडे नीट पाहिलं पाहिजे, आणि कर्नाटकच्या आरोग्य खात्यानंही.

आधी औषधांचंच पाहू. व्हिनपोसेटिनची मूळ वनस्पती आपल्याकडची नाही. युरोपात झाडांच्या सावलीत जमिनीलगत पसरणारी, निळसर जांभळ्या फुलांची व्हिन्का मायनर ती. तिच्या पानांत व्हिन्कामिन नावाचं द्रव्य असतं. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी व्हिनपोसेटिन तयार केलं आणि गेडिऑन रिश्टर या कंपनीनं १९७८ पासून ते ‘कॅव्हिंटन’ नावानं बाजारात आणलं. म्हणजे पान वाटून काढलेला हा रस नव्हे, प्रयोगशाळेत घडवलेलं औषध आहे. आपल्या अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली व्हिन्काच्याच कुळातली. म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावून स्मरणशक्ती वाढवायला जाऊ नये. त्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं मिळतात. पेशींचं विभाजन थांबवणारी ही द्रव्यं आहेत, त्यांच्याशी घरगुती प्रयोग धोक्याचा.

व्हिनपोसेटिन मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल करतं, हे खरं. पण त्यानं विसरणाऱ्या माणसाला आठवू लागतं का? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २००३ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. निकषांत बसणारे अभ्यास तीनच निघाले, त्यांत एकूण ५८३ रुग्ण होते आणि बहुतेकांना औषध फार काळ दिलंच गेलं नव्हतं. स्मृतिभ्रंशात हे औषध वापरावं असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

अमेरिकेत हेच द्रव्य डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, पूरक आहार म्हणून विकलं जातं. तिथं २०१५ मध्ये संशोधकांनी दुकानांतून व्हिनपोसेटिनची २३ उत्पादनं आणून तपासली. सहांमध्ये व्हिनपोसेटिन नव्हतंच. उरलेल्या १७ पैकी बऱ्याच बाटल्यांवरून आत नेमकं किती औषध आहे हे कळायला मार्ग नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं आणखी एक इशारा दिला. गर्भवती स्त्रीनं हे द्रव्य घेतल्यास गर्भपात होण्याचा किंवा गर्भाला इजा होण्याचा धोका आहे. एकाच घरात सासऱ्यांची बाटली आणि दिवस गेलेली सून असते, आणि ‘डोकं शांत राहतं, तूही घे’ असं म्हणणारं कुणीतरी प्रेमळ माणूसही असतं. हा इशारा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला हवा.

जिंकोचा पुरावा तर स्पष्ट आहे, आणि तो निराशाजनक आहे. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ माणसांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे सहा वर्षं हे चाललं. २००८ मध्ये निकाल आला. जिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांत २४६ जणांना. पुढं फ्रान्समध्ये २,८५४ वृद्धांवर पाच वर्षांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये त्याचाही निकाल तसाच लागला. शिवाय जिंकोमुळे रक्तस्राव वाढू शकतो. जयदेव हृदयरोग संस्थेच्या कलबुर्गीतल्या रुग्णालयातून स्टेंट बसवून आलेले आजोबा रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेत असतात. त्यांच्या ताटाशेजारी मुलानं पाठवलेलं जिंको ठेवलेलं असतं आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो, कारण ‘ते काही औषध नाही, आयुर्वेदिक आहे’ असं घरच्यांना वाटतं. जिंको चीनमधलं झाड आहे, आयुर्वेदाशी त्याचा काही संबंध नाही.

ब्राह्मीबद्दल बोलताना न्याय केला पाहिजे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं तिच्यातल्या बॅकोसाइड या द्रव्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. परदेशात धडधाकट वृद्धांना सुमारे तीन महिने ब्राह्मीचा अर्क देऊन केलेल्या काही छोट्या अभ्यासांत शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत थोडी सुधारणाही दिसली आहे, आणि काहींचं पोटही बिघडलं आहे. पण त्या अभ्यासांतली माणसं मुळात निरोगी होती. स्मृतिभ्रंश जडलेल्या माणसाला ब्राह्मीनं दिलासा मिळतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. बाजारात ब्राह्मी म्हणून कधी बॅकोपा मिळते, कधी मंडूकपर्णी. दोन्ही वेगळ्या वनस्पती आहेत आणि एकीवरचा अभ्यास दुसरीला लागू होत नाही.

‘वनस्पतीच आहे, काय होणार’ हा भरवसाही तपासून घ्यावा. स्मृतिसागर रस या शास्त्रोक्त औषधात पारा, हरताळ, मनशीळ, ताम्रभस्म असतं. ब्राह्मी आणि वेखंडाच्या भावना दिल्या तरी ही खनिजं खनिजंच राहतात. जाणत्या वैद्यानं माणूस पाहून, मात्रा ठरवून द्यायचं हे औषध आहे. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. जत्रेतून पुडी बांधून आणलेल्या चूर्णाला तर तपासणीच नसते. वृद्ध माणसाचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं आणि शिसं मेंदूलाच बाधतं.

याचा अर्थ वनस्पती मेंदूला काही देत नाहीत असा नाही. स्मृतिभ्रंशावर डॉक्टर आज जी थोडी औषधं देतात, त्यांतलं गॅलॅन्टामिन मूळचं स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलांच्या कंदवर्गीय झाडातलं. मेंदूचा रक्तपुरवठा खऱ्या अर्थानं सांभाळणाऱ्या एका वनस्पतीची गोष्ट तर आपल्या मुंबईत घडली. सर्पगंधेची मुळी वैद्य शतकानुशतकं वापरत होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती पद्धतशीर देऊन पाहिली, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या, दुष्परिणाम लिहिले आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात ते सगळं प्रसिद्ध केलं. तीनच वर्षांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढं रिसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं हे लक्षात आलं, त्याहून चांगली औषधं निघाली आणि ते मागं पडलं. मोजायचं, लिहायचं, चुकलं तर सोडून द्यायचं, अशी ही रीत. सर्पगंधाही व्हिन्का आणि सदाफुलीच्याच कुळातली. तिचा मान तिच्या मुळाशी बसून काम करणाऱ्या माणसामुळे वाढला.

आणि तिनं दाखवलेली वाट आजही खरी आहे. मेंदूचा रक्तपुरवठा म्हणजे मुख्यतः रक्तदाब. माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीरातला सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन तो एकटा वापरतो. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या वीस-वीस वर्षं वाढलेल्या बीपीचा मार खात जाड होतात, बुजतात, कधी फुटतात. एकदा असं झालं की त्या जागचा मेंदू मरतो आणि मग वाहिन्या सैल करणारी गोळी तिथं काही करू शकत नाही. जी गोळी हे होण्याआधी कामाला येते ती साधी, जुनी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी बीपीची गोळी. अमेरिकेत ९,३६१ माणसांवर झालेल्या एका अभ्यासात ज्यांचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात विसराळूपणाच्या पहिल्या टप्प्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१९ मध्ये हा निकाल आला. स्मरणशक्तीच्या कुठल्याही कॅप्सूलच्या नावावर इतका भक्कम पुरावा नाही.

बीपीची गोळी मात्र आपल्याकडे सर्वांत आधी सुटते. तुरीची रास सुरू झाली, शेतात माणूस लागलं, की महिनाभर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे फिरकणं होत नाही. ‘आता बीपी नॉर्मल आलंय’ म्हणून गोळी बंद होते, जणू ते गोळीमुळे नॉर्मल आलेलंच नव्हतं. याच घरात स्मरणशक्तीची कॅप्सूल मात्र न चुकता घेतली जाते, कारण ती मुलानं पाठवलेली असते. पुण्याच्या मुलानं दर रविवारी फोनवर ‘कॅप्सूल घेतलीस का?’ याऐवजी ‘बीपी किती आलं?’ असं विचारायला सुरुवात केली, तर आईच्या मेंदूवर त्याचे अधिक उपकार होतील.

आता त्या तीन महिन्यांकडे. वृद्ध माणूस विसरू लागला की घरात ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला जातो. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून आला. स्त्रियांत आणि खेड्यांत ते जास्त. तरीही आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या नव्वदहून अधिक वृद्धांना तो आजार नसतो. त्यांच्यापैकी कुणी गोंधळू लागलं, तर कारण बऱ्याचदा दुसरंच असतं, आणि त्यांतली कित्येक कारणं बरी होणारी असतात.

बी-१२ची कमतरता हे त्यांतलं पहिलं. माळकरी घरं, लिंगायत घरं, अनेक ब्राह्मण आणि जैन घरं शाकाहारी. बी-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळतं, म्हणजे इथं भिस्त दूध-दह्यावर, आणि म्हातारपणी जेवण कमी झालं की तेही कमी होतं. त्यात शुगरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी, दोन्ही बी-१२ आणखी खाली आणतात. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, चिडचिड, विसरणं. इंजेक्शनांनी भरून निघणारी ही उणीव जितकी लांबते तितकी पुसायला अवघड होते. थायरॉइड मंदावलेला असू शकतो. रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं. लघवीच्या जंतुसंसर्गानंही वृद्ध माणूस एका रात्रीत ओळखीच्या माणसांना विसरतो.

सर्वांत वाईट वाटावं असं एक कारण पडण्याचं आहे. न्हाणीघरात किंवा ओट्यावरून आजोबा पडतात, डोक्याला टेंगूळ येतं, ते उतरतं आणि सगळे विसरतात. कवटीच्या आत मात्र रक्त थेंबाथेंबानं साचत राहतं. काही आठवड्यांनी माणूस सुस्त होतो, बोलणं अडखळतं, गोंधळतो. सीटी स्कॅन केला तर ते दिसतं, छोट्या शस्त्रक्रियेनं रक्त काढून टाकता येतं आणि बरेच रुग्ण पुन्हा पूर्वीसारखे होतात. अशा माणसाला तीन महिने ब्राह्मी देत घरी ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यात जिंको असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

नैराश्य हेही वृद्धांत विसरण्याचं सोंग घेऊन येतं. बायको गेली, शेत वाटलं गेलं, पोरं शहरात गेली, आणि आजोबा बोलेनासे झाले, की त्यांना काही आठवत नाही असं लोक म्हणू लागतात. कधी नुसतं ऐकू येत नसतं. जे ऐकलंच नाही ते आठवणार कसं? २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, कमी शिक्षण ही सगळी आहेत. या सगळ्यांवर उपाय झाला तर ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कानाचं यंत्र हे मेंदूवरचेच उपचार आहेत, असं आता म्हणायला हरकत नाही.

आणि इथं या सीमाभागाकडे वळावंसं वाटतं, कारण मेंदूच्या अभ्यासात या मुलखाला एक खास जागा आहे. बिदरहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर हैदराबादचं निम्स रुग्णालय. इथल्या अनेक घरांनी तिथल्या ओसरीत रात्री काढल्या आहेत. तिथं डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यांतले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती. हा फरक शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांतही दिसला. म्हणजे तो शिक्षणाचा नव्हता. दोनाच्या पुढं तिसरी-चौथी भाषा असल्यानं जास्तीचा फायदा मात्र दिसला नाही. इतरत्र झालेल्या काही दीर्घ अभ्यासांत असा परिणाम आढळलेला नाही, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानू नये. तरीही साडेचार वर्षं ही लहान गोष्ट नव्हे. तेवढं लांबवणारी गोळी आज जगात कुणाकडेच नाही.

बिदर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाची जीभ किती घरांत वावरलेली असते! घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजाऱ्याशी दख्खनी, हैदराबादच्या आडतीत तेलुगू. निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढचे काहीजण अजून उर्दूत सही करतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठीत पदं रचली, कन्नडमध्ये रचली, हिंदुस्थानीतही रचली, आणि माणिकनगरच्या दरबारात ती सगळ्यांनी एकत्र बसून म्हटली. खंडोबाच्या मैलारला, गाणगापूरला, कलबुर्गीच्या बंदेनवाज दर्ग्यात माणसं दिवसभरात चार भाषांतून वावरतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. ही या प्रदेशाची कमाई आहे. पण भाषा बोलायला समोर माणूस लागतं. मुलं गेली, पारावरचे सोबती एकेक करून गेले, टीव्ही तेवढा बोलत राहिला, तर आजोबांच्या चारही भाषा मुक्या होतात. मोकळ्या पारावर रोज संध्याकाळी तासभर बसणारी चार माणसं, हा आरोग्याचाच कार्यक्रम आहे आणि त्याला ग्रामपंचायतीनं दोन बाक आणि एक दिवा दिला तरी पुरे.

याच बहुभाषिक माणसाची तपासणी करायची वेळ आली की मोठी अडचण उभी राहते. स्मरणशक्तीची तपासणी रक्ताच्या नळीत होत नाही, ती बोलण्यातून होते. शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, गोष्ट सांगायची आणि परत सांगायला लावायची, एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी म्हणवून घ्यायची. परक्या भाषेत हे केलं तर शहाणासुरता माणूसही नापास होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भारतीय भाषांसाठी, निरक्षरांनाही चालेल असा चाचण्यांचा संच तयार केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात पाच भाषा घेतल्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. औरादच्या आजीला कन्नड बाजारापुरतं येतं. भाजी घेण्याइतकं कन्नड आणि दहा शब्द लक्षात ठेवून परत सांगण्याइतकं कन्नड यांत फार अंतर आहे.

प्रश्न नुसत्या शब्दांचा नाही. अशा तपासणीत ‘कोणत्या राज्यात आहात?’ हा प्रश्न असतो. १९४० च्या सुमारास बिदर जिल्ह्यात जन्मलेला माणूस गाव न सोडता आधी हैदराबाद संस्थानात राहिला, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात, १९७३ नंतर कर्नाटकात. त्याच्या प्रदेशाला आधी हैदराबाद-कर्नाटक म्हणत, २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. त्याच्या लहानपणी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्याच्याच जिल्ह्यात होते, ते १९५६ मध्ये पलीकडच्या राज्यात गेले. त्यानं उत्तर देताना क्षणभर थांबणं हे आजाराचं लक्षण धरायचं का? महिना विचारला तर तो मार्गशीर्ष सांगेल, डिसेंबर नाही, आणि उत्तर बरोबर असेल. तपासणाऱ्याला हे माहीत नसेल तर निरोगी माणसाला आजारी ठरवलं जाईल, किंवा ‘यांना भाषा कळत नाही’ म्हणून खऱ्या आजाऱ्याला परत पाठवलं जाईल.

कर्नाटकानं या बाबतीत देशात पुढचं पाऊल टाकलं आहे, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेनं राज्य सरकार आणि नीती आयोगाबरोबर २०२२ मध्ये ‘कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. सुरुवात कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बंगळूरूच्या जयनगरमधून झाली. फिट्स, पक्षाघात, डोकेदुखी आणि स्मृतिभ्रंश यांसाठी जिल्हा पातळीवर डॉक्टरांना शिकवायचं आणि मेंदूच्या आजारांचं वेगळं क्लिनिक चालवायचं, अशी ती योजना, आणि पुढं ती इतर जिल्हा रुग्णालयांकडे नेण्यात आली. बिदरमध्ये ब्रिम्स आहे, कलबुर्गीत जिम्स आणि ईएसआयसीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारती आहेत, सीटी स्कॅन आहे, बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या होतात. उणीव आहे ती या दोन जिल्ह्यांतल्या मराठी, उर्दू आणि तेलुगू वृद्धांना त्यांच्या भाषेत तपासण्याची, आणि त्यांना तिथवर आणणाऱ्या साखळीची.

ती साखळी आशा ताईंपासून सुरू होऊ शकते. त्या तशाही घरोघरी बीपी-शुगरची चौकशी करतात. ‘ओळखीच्या वाटेवर चुकतात का? पैशांचा हिशेब पूर्वी जमायचा, आता जमत नाही असं झालंय का? गेल्या काही महिन्यांत पडले होते का? नीट ऐकू येतं का? घरात कुठल्या कुठल्या बाटल्या चालू आहेत?’ असे पाच-सहा प्रश्न त्यांच्या वहीत आले, की कुणाला दवाखान्यात पाठवायचं हे कळेल. शेवटचा प्रश्न विसरून चालणार नाही. झोपेची, सर्दीची, लघवी आवरण्याची काही औषधंही म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतात, आणि मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या कुठल्याच कागदावर नसतात. दवाखान्यात जाताना घरातली प्रत्येक पुडी आणि बाटली एका पिशवीत घालून न्यावी, कुरिअरनं आलेलीसुद्धा. बरोबर आजोबांसोबत रोज राहणारं माणूस जावं, सुट्टीवर आलेला मुलगा नव्हे.

जाहिरातींना आळा घालायला कायदे आहेत. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत मेंदूच्या विकारांचं नाव आहे, आणि पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. ते अक्षर इतकं बारीक असतं की ज्याच्यासाठी बाटली आणली त्याला चष्म्यातूनही दिसत नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या औषध निरीक्षकांनी स्मरणशक्तीच्या बाटल्यांचे नमुने वर्षातून एकदा तपासून निकाल मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांत दिले, तरी पुष्कळ होईल.

चाचण्यांच्या मराठी संचाचं काम त्याहून सोपं आहे. पद्धत निम्हान्सकडे तयार आहे, कन्नड संच हाताशी आहे. मराठी बोलणारे विद्यार्थी बिदरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकतात. सीमेपलीकडे लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सोलापूरचं वैशंपायन स्मृती महाविद्यालय आहे, जिथं भालकी आणि आळंदचे रुग्ण वर्षानुवर्षं जातात. मात्र संच पुण्याच्या मराठीत लिहून चालणार नाही. इथल्या बोलीत, इथली पिकं, देवस्थानं, सण आणि नाती घेऊन तो बांधावा लागेल, आणि इथल्याच निरोगी वृद्धांवर आधी पडताळून पाहावा लागेल. सीमेच्या वादावर दोन्ही राज्यांनी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापासून कागदांचे ढीग रचले. या कामासाठी बिदर, कलबुर्गी, लातूर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांची एक बैठक आणि निम्हान्सला एक पत्र लागेल.